गॅस्केटवरचा दुसरा ठसा

गॅस्केटच्या कडेला चंदेरी रंग होता, आणि तो मी लावला नव्हता.

एवढंच झालं. फियाटच्या इंजिनचं हेड उचलून मी बाकावर पालथं ठेवलं होतं. इंजिनच्या ब्लॉकला चिकटून राहिलेलं गॅस्केट पातळ पात्यानं कडेकडेनं सोडवत होते, आणि अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी चमकलं. आधी वाटलं, ॲल्युमिनियमचा कीस असेल. हेड ॲल्युमिनियमचं आहे, उकळेपर्यंत तापलेलं आहे, कुठंतरी खरचटलं असेल. पण कीस दोन बोटांत चोळला की टोचतो. हे टोचलं नाही, भुकटी होऊन पसरलं. मी फडक्याच्या टोकाला थिनर लावून तीच जागा पुसली. फडका चंदेरी झाला. धातू थिनरमध्ये विरघळत नाही, रंग विरघळतो. सायलेन्सरला मारायचा सिल्व्हर. त्याचा डबा खिडकीच्या फळीवर माझ्या लहानपणापासून आहे, झाकणाच्या कडेला ओघळ वाळलेले, वर उभा ठेवलेला ब्रश. पप्पा माझ्याकडं पाठ करून एका रिक्षाची क्लच प्लेट बसवत होते. रेडिओवर बाजारभाव चालले होते. मी फडक्याची घडी केली, चंदेरी भाग आत घेऊन, आणि पुन्हा पातं फिरवायला लागले, जसं काही झालंच नाही. हात मात्र कसे कोण जाणे, एकदम स्वच्छ वाटायला लागले. ताप उतरल्यावर वाटतात तसे, परक्यासारखे.

गॅस्केट म्हणजे दोन धातूंच्या मधला पातळ थर. खाली बिडाचा ब्लॉक, वर ॲल्युमिनियमचं हेड. मध्ये हा थर नसेल तर आग आपली जागा सोडते, पाणी आपली जागा सोडतं, आणि दोन्ही ऑइलमध्ये शिरतात. हे दोन धातू सारखे पसरत नाहीत. इंजिन तापलं की हेड ब्लॉकपेक्षा जास्त पसरतं, गार झालं की परत येतं. दर वेळची ही घसट गॅस्केट सोसतं. पण त्याला आकार एकदाच घेता येतो. पहिल्यांदा बोल्ट आवळले की जिथं जितकं चेपायचं तितकं ते चेपलं जातं. त्याचा मऊपणा तिथंच खर्च होतो, आणि पुढं तो चेपलेला आकार हीच त्याची सगळी ताकद असते. हेड पुन्हा उघडलं की ती गेली. तेच गॅस्केट तसंच्या तसं परत ठेवलं तरी ते पूर्वीसारखं बसत नाही, केसाएवढा का होईना फरक पडतोच. मला हे पुस्तकातून कळण्याच्या कितीतरी आधी पप्पांनी सांगितलं होतं. मी शाळेत होते. त्यांनी एक काढलेलं गॅस्केट माझ्या हातात देऊन त्याच्या कड्यांवरून माझं बोट फिरवलं होतं. “ह्याला लग्नातली हळद समज,” म्हणाले होते, “दुसऱ्यांदा लागत न्हाय.” आई आतून ओरडली होती की पोरीला काहीबाही शिकवू नका, आणि ते हसले होते.

पप्पा म्हणजे मच्छिंद्र मिस्त्री. एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर त्यांनी सांजा रस्त्यावर हे गॅरेज टाकलं. एसटीत असताना त्यांच्या हाताला एक सवय लागली ती लागलीच. गॅस्केट बसवायच्या आधी त्याला दोन्ही अंगांनी सिल्व्हरचा हात मारायचा. “कोरडं गॅस्केट पाणी पितं,” हे त्यांचं वाक्य. यावरून आमचा वाद झाला होता, तोही भांडणासारखा नाही, चवीनं झालेला. मी म्हणत होते की जुन्या तांब्याच्या गॅस्केटला ते चालत असेल, पण या नव्याला कारखान्यातूनच लेप येतो. वर रंग चढवला की त्या लेपाला धातूवर धड पकड मिळत नाही, आणि जाडी जागोजागी बदलते. मी त्यांना जमिनीवर खडूनं काढून दाखवलं. ते उकिडवे बसून बघत होते, विडी न पेटवता ओठात धरून. मध्येच म्हणाले, “मंग आमी इतके वर्ष गाड्या काय देवाच्या भरवशावर सोडल्या व्हय?” मी म्हटलं, “तुमच्या गाड्यांचं गॅस्केट वेगळं होतं, पप्पा.” त्यांनी खडूची रेघ पायानं पुसली, उठले, आणि म्हणाले, “बरं. कोरडं तर कोरडं. तुझं इंजिन.”

तुझं इंजिन. हे दोन शब्द मी त्यानंतर कितीदा मनात फिरवले असतील. मी भौतिकशास्त्र केलं, इथंच, विद्यापीठाच्या उपकेंद्रात. पुण्याच्या एका कंपनीनं मापनयंत्रं तपासायच्या कामावर बोलावलं होतं. जायचं जवळजवळ ठरलंच होतं, आणि तेव्हा पप्पा म्हणाले होते, “पुण्याला दुसऱ्याचे काटे बरोबर हायेत का बघत बसणार. त्यापरीस हितं आपलं इंजिन बसव.” मला वाटलं थट्टा करतायत. पण दुसऱ्या दिवशी ते दगडोबा पेंटरकडं जाऊन नवा बोर्ड सांगून आले होते. जुन्या बोर्डावर ‘मच्छिंद्र मोटार वर्क्स’ होतं. नव्यावर ‘मच्छिंद्र आणि श्रावस्ती’ येणार होतं. दगडोबानं विचारलं म्हणे, श्रावस्ती कोण, भागीदार का? पप्पा म्हणाले, व्हय, भागीदार. मी पुण्याला कळवलं की मला थोडा वेळ द्या. त्यांनी दिला. आणि पहिलं काम आलं ते ही फियाट.

मुरुमच्या गुंडाप्पा अण्णांची गाडी. त्यांचे वडील गेल्यापासून गोठ्यात उभी, चारही चाकं बसलेली, सीटमध्ये उंदरांनी पिल्लं घातलेली. अण्णांची आई, शिवगंगा अव्वा, हिचं एकच म्हणणं होतं की नवऱ्याच्या गाडीत बसून एकदा येडशीच्या रामलिंगाला जायचं. अण्णांकडं काळ्या काचांची मोठी गाडी आहे. अव्वा म्हणाली, तीत मला खाटल्यावर निजवून नेल्यासारखं वाटतं. ते इंजिन मी उघडलं. मी म्हणजे मीच. पप्पांनी दिवा धरला, जड उचलायला हात लावला, बाकी काही नाही. ब्लॉकचा माथा आरशासारखा केला. बोल्टची भोकं एकेक करून कोरडी केली, कारण तळाशी थेंबभर पाणी राहिलं तरी बोल्ट आवळला गेल्याची खोटी साक्ष मिळते. हेडवर सरळ पट्टी उभी धरून तिच्याखालून उजेड येतो का पाहिला. गॅस्केटची वरची बाजू वर आहे, पाण्याच्या भोकांवर भोकंच येतायत, हे बोटानं चाचपलं. मग बोल्ट. मधून सुरुवात करायची, एक इकडचा, एक तिकडचा, असं बाहेर जात जात, आणि पहिल्या फेरीत कुणालाच पूर्ण आवळायचं नाही. सगळ्यांना थोडं, मग सगळ्यांना आणखी थोडं. एकाच कोपऱ्यावर आधी जोर दिला की पत्र्याला पोक येतो आणि तो पोक कायमचा त्यात राहतो. टॉर्कचा पाना माझा स्वतःचा आहे. ठरवलेल्या जोराला तो कट् असा वाजतो आणि हाताला एक हलका हिसका देतो. शेवटचा बोल्ट वाजला तेव्हा पप्पांनी दिवा खाली ठेवला. फक्त हेडवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. मी ती शाबासकी समजले होते. आता वाटतं, मी ते चुकीचं वाचलं असेल. कदाचित तेव्हाच ते हातानं चाचपत होते, कुठून उघडावं.

पण हे मी लगेच मान्य केलं नाही. चंदेरी रंगाचे आणखी अर्थ निघू शकत होते. दुकानातून गॅस्केट रंगवूनच आलं असेल? नाही. पिशवी मी फोडली होती, रंग पाटीच्या दगडासारखा करडा होता. वरून कुठून ओघळला असेल? ओघळ वरून येतो, आणि हा रंग दोन थरांच्या मध्ये, बोल्टच्या भोकाच्या आतल्या काठाला होता. पप्पा जेवायला घरी गेले तेव्हा मी कॉलेजातलं भिंग आणलं आणि गॅस्केट दारात उन्हात धरलं. सिलिंडरच्या प्रत्येक भोकाभोवती लोखंडी कडं असतं. हेडनं दाबल्यावर त्याच्या बाहेरच्या अंगाला एक बारीक रेघ उमटते. एकदा दाबलं तर एक रेघ. माझ्या गॅस्केटवर दोन होत्या. एक खोल, स्वच्छ, गोल, जवळजवळ सुंदर. दुसरी तिच्यापासून केसाएवढी सरकलेली, कुठं ठळक, कुठं पुसट, आणि मधल्या दोन सिलिंडरांच्या मध्ये जिथं ती पहिलीला ओलांडून जात होती, नेमकं तिथंच पत्रा जळून काळा पडला होता. आग तिथूनच निसटली होती. चंदेरी रंग दुसऱ्या रेघेखाली होता, आणि पहिल्या रेघेच्या खोबणीतही साचला होता. म्हणजे आधी पहिला दाब, मग रंग, मग दुसरा दाब. हा क्रम उलटा लावताच येत नव्हता. मी तो उलटा लावून पाहत राहिले, पुन्हा पुन्हा. ऊन हातावरून खांद्यावर आलं.

मग सोलापूर आठवलं. आठवलं म्हणजे काय, ते तिथंच होतं, फक्त त्याचा रंग बदलला. हेड बसवल्यानंतर पप्पा म्हणाले होते, पाणी तापल्यावर उघडणारा थर्मोस्टॅटचा व्हॉल्व्ह जुना नको, नवा टाकू, सोलापुरात मिळेल, तू जाऊन ये. मी म्हटलं कुरिअरनं येईल. ते म्हणाले, “डोळ्यानं बघून आणलेलं बरं असतंय.” मला ते पटलं होतं. डोळ्यानं बघून आणायचं, हे तर माझंच शास्त्र. आईनं डबा दिला. एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली, तुळजापूरच्या घाटात वारा लागला, आणि मी इतकी आनंदात होते की शेजारच्या बाईला, ओळख ना पाळख, सांगून टाकलं की मी इंजिनं बसवते. ती म्हणाली, “शिलाईचं व्हय?” मी म्हटलं, मोटारीचं. तिनं माझ्या हाताकडं पाहिलं. मी हात पुढं केले, दाखवायला. सोलापुरात व्हॉल्व्ह लगेच मिळाला. परत येताना पप्पांना आवडते म्हणून शेंगांची चटणी घेतली. घरी आले तेव्हा ते अंघोळ करून ओट्यावर बसलेले, केस ओले, नखंसुद्धा घासलेली. त्यांनी चटणी हातावर घेऊन चाटली आणि म्हणाले, “एक नंबर.” ती घासलेली नखं मला तेव्हा दिसली होती. मला सगळं दिसतं. फक्त दिसलेल्याचं काय करायचं हे त्या वेळी ठरवता येत नाही.

आणि रामलिंग. जाताना गाडी शिवणयंत्रासारखी चालली. अव्वा पुढच्या सीटवर, काष्टा सावरून, दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवून. मागे मी आणि पप्पा, चालवायला अण्णा. दर्शन झालं. दरीतून वर येताना चढावर आधी तापमानाचा काटा हलला, मग मागून पांढरा धूर दिसला, मग बॉनेटच्या फटीतून वाफ. अण्णांनी गाडी कडेला घेतली. माकडं जमली. अव्वा दगडावर बसली, पदर डोक्यावर ओढून, आणि हसून म्हणाली, “ह्यांच्या येळंलाबी तापायची ही. मंग ह्ये चाकाला लाथ मारायचे, अन् स्वतःच लंगडत घरी यायचे.” तिच्या ओठांना कोरड पडली होती. उन्हात ती इतकी लहान दिसत होती की मला तिच्याकडं बघवेना. अण्णा हसले नाहीत. त्यांनी बॉनेट उघडलं, पप्पांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग पुन्हा पप्पांकडं. “मिस्त्री, तुमच्या हातचं काम असं न्हाय. हे पोरीनं केलतं काय?” मी पप्पांकडं पाहत होते. उत्तर साधं होतं, हो किंवा नाही. दोन्हींपैकी काहीही चाललं असतं. पप्पांनी गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, “शिकायलीय अजून.”

तेव्हा मला स्वतःची लाज वाटली होती. हेच मला आता सगळ्यात जास्त जाळतं. मी ते खरं मानलं. टेम्पोला बांधून फियाट परत आणली, आणि येडशीपासून इथपर्यंत मी मनात एकेक बोल्ट पुन्हा आवळत होते. कोणता चुकला, कोणत्या भोकात पाणी राहिलं, पट्टीखालून आलेला उजेड मी दुर्लक्षिला का. त्यानंतर मला धड झोप नाही. आईनं विचारलं तर पप्पाच म्हणाले, “काळजी करती पोर. हुईल शिकून.” पुण्याच्या माणसाचा फोन आला तर मी उचलला नाही. वाटलं, जिला एक गॅस्केट बसवता येत नाही तिनं दुसऱ्यांचे काटे काय तपासावेत. आणि या सगळ्या काळात ते माझ्यासमोर जेवत होते, भाकरी मोडत होते, आमटीत मीठ कमी आहे म्हणत होते.

शेजारच्या टपरीवर चहा पिताना मी गोरोबाला विचारलं. विचारलं म्हणजे सरळ नाही. म्हटलं, “मी सोलापूरला गेले होते त्या दिवशी पप्पांनी फार चहा पिले का?” गोरोबा फडक्यानं गल्ला पुसत म्हणाला, “पिले कशाचे! नुसते गार केले. फियाटीचं डोस्कं उघडून बसले व्हते की. म्या म्हटलं, मिस्त्री, कालच लावलं अन् आज काढलं, लग्न मोडलं काय? तर म्हनले, गप बस, पोरीला सांगू नगस.” मग त्याला आपण काय बोललो ते कळलं आणि तो एकदम स्टोव्हला पंप मारायला लागला. “चांगल्यासाठीच केलं असंल बाई त्यांनी. बापाचं मन.” मी चहा संपवला. साखर तळाशी बसली होती, तीही बोटानं घेतली. काहीतरी पूर्ण करायला हवं होतं.

चांगल्यासाठीच. मला तेही समजतं, दुर्दैवानं. पप्पा मला सांगत आलेत की आपल्या कामात खोट निघाली की लोक काम बघत नाहीत, आपलं घर बघतात, बाबासाहेबांचा फोटो बघतात. दुसऱ्याची एक चूक ही एक चूक असते, आपली एक चूक म्हणजे ‘ह्यांचं असंच’. म्हणून त्यांनी आयुष्यभर बोल्टावर बोल्ट तपासला. अण्णांसारख्या घरची गाडी, म्हातारीची इच्छा, आणि गॅस्केट कोरडं. त्यांना राहवलं नसेल. हात शिवशिवले असतील. उघडलेलं गॅस्केट पुन्हा चालत नाही हे स्वतःचंच शिकवणं सिल्व्हरच्या भरवशावर बाजूला सारलं असेल. मी तो हात समजू शकते. पण मग दरीच्या चढावर, अण्णा तशाच नजरेनं बघत असताना, ज्या नजरेपासून त्यांनी मला लहानपणापासून झाकलं, तिच्यापुढं त्यांनी मला पुढं केलं आणि स्वतः मागं सरले. इथं माझी समज थांबते. मी पुन्हा सुरुवातीला जाते, नव्यानं सगळं मांडते, आणि पुन्हा तिथंच येऊन थांबते.

आमच्या गॅरेजची एक पद्धत आहे. काढलेला पार्ट टाकायचा नाही. गिऱ्हाईक येईपर्यंत दारातल्या खिळ्याला अडकवून ठेवायचा आणि आल्यावर त्याच्या हातात द्यायचा. बघा, हे असं झालं होतं म्हणून बदललं. पप्पा ही पद्धत फार अभिमानानं पाळतात. गिऱ्हाईक घाईत असलं तरी थांबवून दाखवतात. त्या दिवशी जेवून आल्यावर त्यांनी मला गॅस्केट धरून बसलेलं पाहिलं. मग म्हणाले, “टाक ते भंगारात.”

“अण्णांना दाखवायचं नाही?”

“काय दाखवायचं त्यात. जळालेलं हाय.”

मी त्यांच्याकडं पाहिलं. ते खिळ्याकडं पाहत होते. मी उठून गॅस्केट खिळ्याला अडकवलं. त्यांनी काढलं नाही. येता जाता त्यांचा खांदा त्याला लागायचा, आणि ते थोडा वेळ हलत राहायचं.

नवीन गॅस्केट येईपर्यंत हेडला फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून, आणलं. पिशवी मी फोडली. करडा रंग, दुकानातला कोरा वास. पप्पा जवळ येऊन उभे राहिले. पूर्वी ते असे उभे राहिले की उबदार वाटायचं. आता माझ्या पाठीला ते कुठं उभे आहेत हे बोट ठेवून सांगता आलं असतं. मी ब्लॉक पुसला. भोकं कोरडी केली. खिडकीच्या फळीवर सिल्व्हरचा डबा होता, आणि आम्ही दोघंही तिकडं बघत नव्हतो, इतकं की तो डबाच खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू झाला होता. “फडका द्या, पप्पा.” त्यांनी दिला. “दिवा थोडा डावीकडं.” केला. मधला बोल्ट, त्याच्या समोरचा, मग त्यांच्या बाहेरचे. पहिली फेरी हलकी. दुसरीत जोर. शेवटच्या फेरीत पाना कट् वाजला, पुढच्यावर कट्, त्याच्या पुढच्यावर कट्. हे माझं आवडतं संगीत होतं. ते तितकंच अचूक होतं आणि मला त्यातून काही वाटत नव्हतं. पप्पा खाकरले. “श्रावू,” म्हणाले. मी पाना थांबवला. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, आणि माझी आशा इतक्या जोरात उसळली की मला तिचीच भीती वाटली. सांगा. एवढंच सांगा. “जेवलीस का?” ते म्हणाले. मी म्हटलं, हो.

मग मी गॅरेज सोडलं नाही. पाणी भरलं, इंजिन पहिल्यांदा तापवून गार होईपर्यंत तिथंच बसले, बोल्ट पुन्हा तपासले, तेव्हाच घरी गेले. कुणाच्या भरवशावर सोडलं नाही. हे लिहिताना जाणवतं की मी अगदी त्यांच्यासारखी वागत होते.

अण्णा सकाळी आले, अव्वाला घेऊन. अव्वा मोठ्या गाडीतच बसून राहिली, काच खाली करून. तिनं मला हातानं बोलावलं, गालाला हात लावला, आणि म्हणाली, “ये माय, तू वाळलीस. त्या गाडीचं काय एवढं मनाला लावून घेतलंस? तापती ती. तिचा सभावच हाय.” दगडोबाचा नवा बोर्ड आला होता, भिंतीला टेकवून, तोंड भिंतीकडं करून ठेवलेला. अण्णा फियाटभोवती फिरले, टायरला बुटाचं टोक लावलं, आणि मग खिळ्याकडं गेले. “मिस्त्री, तुमची पद्धत हाय न्हवं पार्ट दाखवायची? हेच काय ते?” त्यांनी गॅस्केट काढून हातात घेतलं, उलटसुलट केलं. दोन्ही रेघा त्यांच्या अंगठ्याखालून गेल्या. “ह्यात काय बघायचं असतंय?”

मी पप्पांकडं पाहिलं. ते फडक्याला हात पुसत होते, स्वच्छ झालेले हात.

“मालच डुप्लिकेट निघाला, अण्णा,” पप्पा म्हणाले. “पोरीची काय चूक न्हवती त्यात.” आणि माझ्याकडं बघून थोडं हसले. त्या हसण्यात देणं फिटल्याची सुटका होती. त्यांनी मला काहीतरी परत केलं होतं. दरीच्या चढावर घेतलेलं, इथं, उघड्यावर, साक्षीदारांसमोर. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मी मान डोलावली असती तर आम्ही तिघंही मोकळे झालो असतो, आणि दुपारपर्यंत बोर्ड वर चढला असता.

“माल चांगला होता, अण्णा,” मी म्हटलं. “आणि बसवलाही बरोबर होता.”

अण्णांनी भुवया वर केल्या. “आँ? मंग?”

गोरोबाच्या टपरीवरचा स्टोव्ह फुरफुरत होता. ते उत्तर माझं नव्हतं, पप्पांचं होतं. ते मला येत होतं, अगदी क्रमानं, आधी काय, नंतर काय, कुठली रेघ कुठलीच्या वर. पण ते माझ्या तोंडून आलं असतं तर फक्त बरोबर असतं. मी वाट पाहिली. पप्पांचा फडका थांबला होता. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, आता न हसता, आणि त्या पाहण्यात सगळं होतं. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, आणि त्यांना हेही माहीत आहे की मी सांगणार नाही. याच भरवशावर ते फियाटचं दार उघडून आत बसले आणि त्यांनी चावी फिरवली.

इंजिन पहिल्याच फटक्यात चालू झालं. इतकं साफ, इतकं एकसारखं की अण्णांचा प्रश्न त्यात बुडून गेला. ते खूश होऊन बॉनेटवर हात ठेवून ऐकत राहिले. गॅस्केट त्यांनी कधी बाकावर ठेवून दिलं त्यांनाही कळलं नसेल. पलीकडं अव्वा काचेतून हात हलवत होती. पप्पांनी आत बसूनच एक्सिलरेटर दाबला, पुन्हा दाबला, जरुरीपेक्षा जास्त वेळ. कुठंही गळती नव्हती, धूर नव्हता, काटा जागच्या जागी. माझ्याच हातानं बसवलेलं, आणि त्याच्या आवाजात त्यांना गप्प राहता येत होतं.

मी टॉर्कचा पाना पुसला. ठेवताना त्याची स्प्रिंग सैल करून ठेवायची असते. ताणलेली राहिली की पुढच्या वेळी तो खोटं सांगतो. मूठ उलटी फिरवत मी काटा शून्यावर आणला आणि पाना त्याच्या डब्यात ठेवला. या गाडीचे बोल्ट चार दिवस चालवल्यावर, गार इंजिनावर, पुन्हा एकदा आवळावे लागतील. ते पप्पांना येतं. मी डबा उचलला. भिंतीकडं तोंड केलेल्या बोर्डाजवळून बाहेर रस्त्यावर आले, आणि चालता चालता पुण्याच्या माणसाचा नंबर लावला. मागे इंजिन चालूच होतं. ऐकायला खूप चांगलं वाटत होतं.